टेक सरांचा ऑस्ट्रेलिया दौरा

गुन्सान बंदरामागच्या मुलांच्या शाळेत प्यो इनह्वान नावाचा एक मास्तर इंग्रजी शिकवायचा. हे नाव त्याच्या पगाराच्या पाकिटावर असे, बाकी कुणाच्या तोंडी नसे. मुलं त्याला ‘टेक सर’ म्हणत, मुलांचे आईबाप तेच म्हणत, आणि एकदा तर मुख्याध्यापकांनी तपासणीला आलेल्या साहेबांशी ओळख करून देताना ‘हे आमचे टेक सर’ म्हणून स्वतःचीच जीभ चावली होती.

त्याला कारण होतं. दरवर्षी पहिल्या तासाला तो फळ्याच्या अगदी मधोमध एवढाच एक शब्द लिहायचा, ‘टेक’. मग हात झटकून मुलांकडे वळायचा.

“इंग्रजीत शब्द लाखांनी आहेत. त्यातले निम्मे तुम्ही विसरणार, उरलेले तुम्हाला आयुष्यात भेटणारच नाहीत. हा मात्र रोज भेटणार. तेव्हा याला नीट ओळखून ठेवा.”

आपल्याकडे ‘लागणे’ नाही का? भूक लागते, आग लागते, दार लागतं, शेजारणीचा पुतण्या आपला कुणीतरी लागतो. या ‘टेक’चं तसंच. एकटा असला की साधा ‘घेणे’. पण शेजारी एखादा चिमुकला शब्द येऊन बसला की याची चालच बदलते. ‘टेक ऑफ’ म्हटलं की विमान उडतं, अंगातला कोट निघतो आणि रखडलेला धंदा एकदम जोर धरतो. ‘टेक आफ्टर’ म्हटलं की मुलगी आईच्या वळणावर जाते. ‘टेक इन’ची तर गंमतच. बेघर माणसाला घरात आसरा देणं, ढगळ कपडा शिवून आत घेणं, कानावर पडलेलं डोक्यात शिरणं आणि एखाद्याच्या थापेला पुरतं फसणं, ही चारही कामं तेवढे दोन शब्द करतात. इनह्वान हे सगळं वर्गात करून दाखवायचा. कोट काढायचा, घालायचा, पुन्हा काढायचा. भर हिवाळ्यात सुद्धा. शेवटच्या बाकावरची मुलं म्हणायची, सरांना सर्दी झाली की समजावं, नववीला ‘टेक ऑफ’ सुरू झालं.

एकदा एका पोरानं विचारलं, “सर, एकाच शब्दाला एवढी कामं कशाला? इंग्रजांना शब्द कमी पडत होते का?”

“तुझ्या घरी भांडी किती?” सरांनी उलट विचारलं. “आमच्या घरी एकच पातेलं होतं. त्यातच भात, त्यातच रस्सा, त्यातच अंघोळीचं पाणी. रोजच्या वापरातले शब्द असेच असतात.”

ते पातेलं त्याच्या आईचं होतं. सुनदोक तिचं नाव, पण बाजारात तिला ‘इनह्वानची आई’ म्हणत. बाकदे नावाचा एक मासा असतो, आपल्या लेप्यासारखा चपटा. तो खारवून, वाळवून विकायचा, हा तिचा जन्माचा धंदा. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, तेव्हा इनह्वान शाळेत जात होता आणि धाकटी मिरान पाठीला बांधलेली होती. त्या माशांवर तिनं पोराला कॉलेजात पाठवलं आणि पोरीला दुकान थाटून दिलं. मिरानचं बाजारातच तयार भाज्यांचं आणि किमचीचं, म्हणजे तिखटमिठात मुरवलेल्या कोबीचं, दुकान. तिचं लग्न झालं. इनह्वानचं राहूनच गेलं. मध्यस्थ बाई दोन-चार स्थळं घेऊन आली होती, पण एका मुलीकडून निरोप आला की मुलगा चांगला आहे, जेवताना इंग्रजी बोलतो एवढंच. त्यानंतर मायलेक दोघंच, बंदरामागच्या दोन खोल्यांत.

आता या देशात एक परीक्षा आहे. थंडीच्या तोंडावर येते. बारावीची सगळी पोरं एका दिवसात ती देतात आणि त्या एका दिवसावर पुढचं आयुष्य ठरतं, निदान सगळे तसं मानून चालतात. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात. उशीर झालेल्या पोराला पोलीस मोटरसायकलवर बसवून केंद्रावर सोडतात. इंग्रजीच्या पेपरात कानानं ऐकून सोडवायचे प्रश्न असतात, तेवढा वेळ देशभरात एकही विमान उडत नाही. असा पेपर काढणारे लोकही साधेसुधे राहत नाहीत. त्यांना महिनाभराहून जास्त कुठंतरी कोंडून ठेवतात. कुठं, ते कुणाला माहीत नसतं. ना फोन, ना चिठ्ठी. स्वयंपाकघरातला कचरासुद्धा उकरून पाहिल्याशिवाय बाहेर जात नाही. बाहेर आल्यावरही आपण तिथं होतो हे जन्मात कुणाला सांगायचं नाही, अशी सही आधीच घेतात.

या कामाला बहुतेक प्राध्यापक असत. पण कधीमधी शाळेतल्या एखाद्या जुन्या मास्तरालाही बोलावत. इनह्वान त्या बोलावण्याची वाट पाहत होता. किती वर्षं पाहत होता ते त्यालाच ठाऊक. आपला शब्द एकदा त्या पेपरात यावा, देशातल्या सगळ्या पोरांनी एकाच क्षणी त्याच्याकडे बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. माणसांच्या इच्छा काय कायच्या असतात!

बोलावणं आलं तेव्हा सुनदोकचं हृदय थकलेलं होतं. पाय सुजायचे. बोलताना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले होते, हिवाळा काढतील. इनह्वाननं मनाशी हिशेब केला की हिवाळा म्हणजे परीक्षेच्या पुढचीच गोष्ट. असले हिशेब माणसाला पटकन जमतात. त्यानं राजधानी सोलहून बोलावणाऱ्या माणसाला फोनवर ‘येतो’ म्हणून सांगितलं आणि मग घरात येऊन आईसमोर बसला.

“ऑस्ट्रेलियाला जायचंय, आई. शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. महिना-दीड महिना.”

ऑस्ट्रेलिया अशासाठी की तिथून फोन फार महाग पडतो असं सांगता येत होतं.

“तिथं मासे मिळतात का?” सुनदोकनं विचारलं.

“मिळतात.”

“वाळवलेले?”

“ते नसावेत.”

“मग नेशील घरचे,” ती म्हणाली आणि भिंत धरत धरत उठली.

मिरानला मात्र ते रुचलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला कोबीला मीठ चोळता चोळता ती म्हणाली, “दादा, यंदा नको जाऊस. तिचं काही खरं नाही.”

“डॉक्टर म्हणालेत, हिवाळा काढेल.”

“डॉक्टरला बोलायला काय जातंय? रोज तिच्याजवळ मी असते.”

“महिन्याचा तर प्रश्न आहे, मिरान.”

तिनं कोबी उलटी करून दुसऱ्या बाजूनं मीठ चोळायला घेतलं.

कोंडून ठेवायची जागा म्हणजे डोंगरातलं एक हॉटेल. फाटकावर पाटी, दुरुस्तीसाठी बंद. खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या. इनह्वाननं आईचे मासे कपाटात ठेवले तर दुसऱ्या दिवशी अख्खा मजला बंदरासारखा वास मारायला लागला. प्राध्यापक मंडळी नाक दाबून हसली, मग एका संध्याकाळी त्यांनीच ते शेगडीवर भाजून संपवले. इंग्रजीच्या गटाचे प्रमुख मेंग म्हणून एक प्राध्यापक होते, पांढऱ्या केसांचे, बोलताना चष्मा पुसत राहणारे. त्यांना टेक सर आवडले. पेपरातला एक प्रश्न त्यांनी सरळ इनह्वानकडे सोपवला. छोटासा उतारा, त्यात ‘टेक इन’, खाली पाच पर्याय, योग्य अर्थ निवडा. इनह्वान त्या पाच पर्यायांवर दिवसचे दिवस बसला. बरोबर उत्तर लिहिणं सोपं असतं. चुकीची चार उत्तरं बरोबर वाटली पाहिजेत आणि तरी चूक असली पाहिजेत, ते कठीण. त्याचा चौथा पर्याय काही केल्या बसत नव्हता.

त्या चौथ्या पर्यायावरच बोलणं चाललं असताना मेंगना कुणीतरी बाहेर बोलावलं. ते परत आले आणि इनह्वानला म्हणाले, “प्यो सर, जरा बसा.”

“बसलोच आहे.”

मेंगनी चष्मा काढला, पण पुसला नाही. “आईसाहेब गेल्या. आज पहाटे. घरच्यांनी शाळेत कळवलं, शाळेकडून इकडं आलं.”

इनह्वाननं मान हलवली. समोरच्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, “चौथा पर्याय बदलायचा मग?”

मेंगनी तो कागद हलकेच त्याच्यासमोरून काढून घेतला.

आईबाप गेले तर जाऊ देतात, तेवढी माणुसकी नियमात आहे. पण काही तासच, आणि सोबत दोन माणसं. त्यातला एक तांग नावाचा साध्या कपड्यांतला पोलीस होता, पोट सुटलेला, निवृत्तीला आलेला. दुसरा परीक्षेच्या बंदोबस्तावरचा तरुण, चेहरा इस्त्री केल्यासारखा. कुणाशी एकट्यानं बोलायचं नाही, फोनला हात लावायचा नाही, काही लिहायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. गाडीत तांगनं हे सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी आपलं म्हणून जोडलं, “वाईट झालं, सर.” इनह्वान खिडकीबाहेर पाहत होता. डोंगर लाल-पिवळे झाले होते. तिसऱ्या पर्यायात ‘फसणे’ आणि चौथ्यात ‘चकणे’, दोन्ही फार जवळचे होतात, असं त्याच्या डोक्यात चाललं होतं. आई गेली हे वाक्य त्याला पूर्ण कळत होतं. पण ते आत कुठं पोचत नव्हतं.

इस्पितळाच्या तळघरात अंत्यविधीचा हॉल होता. बाहेर बुटांचा ढीग, आत पाहुणे जमिनीवर बसून लाल तिखट रस्सा आणि भात जेवताहेत, कोपऱ्यात बंदरावरचे म्हातारे पत्ते खेळताहेत. अशा ठिकाणी गलका असावाच लागतो. मेलेल्या माणसाला एकटं वाटू नये म्हणून. पांढऱ्या शेवंतीच्या राशीत सुनदोकचा फोटो होता आणि फोटोशेजारी, जिथं मुलानं उभं राहायचं, तिथं मिरान उभी होती. अंगात काळा पोशाख, केसांत पांढरी फीत, आणि दंडावर दोन रेघांची पट्टी. ती पट्टी थोरल्या मुलाची असते. बाईच्या दंडावर बांधत नाहीत म्हणून हॉलचा माणूस अडून बसला होता, तेव्हा मिराननं ती त्याच्या हातातून ओढून स्वतःच दातांनी गाठ मारली होती.

इनह्वान आत आला आणि गलका थांबला. म्हणजे त्याला पाहून नाही. त्याच्या मागं काळ्या कोटातले दोघं आले, त्यांना पाहून.

त्यानं फोटोपुढं दोनदा माथा टेकला. मागं तांगनंही टेकला. तरुण जरा घुटमळला आणि मग तोही वाकला. अशा वेळी मुलानं हंबरडा फोडायचा असतो. सगळे त्याचीच वाट पाहत होते. इनह्वान सरळ उठून मिरानशेजारी उभा राहिला.

“रड की रे,” मिरान ओठ न हलवता म्हणाली. “सगळे बघतायत.”

“हो,” तो म्हणाला. पण रडू आलं नाही. त्याला नुसतं थंड वाटत होतं, दातांच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही तसं, सगळं अंगच.

ग्वाक मामा पुढं आले. सुनदोकचे धाकटे भाऊ, आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर काढलेले, तोंडाळ.

“या! पोचलं का विमान? ऑस्ट्रेलिया लांब फार, नाही?”

“मामा.”

“आणि ही मंडळी कोण? कांगारू का?”

“आम्ही यांच्या सोबत आलोय,” तांग अदबीनं म्हणाला.

“ते दिसतंय. कुठल्या खात्यातून?”

मामांनी तांगला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बंदरावर जन्म घालवलेल्या माणसाला साध्या कपड्यांतला पोलीस ओळखायला काय लागतं? थोड्या वेळानं इनह्वान मोरीकडे निघाला तर तरुण उठून त्याच्या मागं गेला आणि दाराशी उभा राहिला. हॉलमधल्या सगळ्यांनी ते पाहिलं. शिकल्यासवरल्या घरात एखाद्यानं ताडलंही असतं की हा मास्तर कुठून आला असेल. पण या लोकांच्या लेखी तो पेपर सोलचे मोठे प्राध्यापक काढतात. आपला इनह्वान, बाकदेवालीचा पोरगा, तो त्यात कुठला?

जेवताना मामांच्या पोटात सोजू, म्हणजे तिथली पांढरी दारू, गेली होती. ते त्याच्याकडे सरकले.

“सांग बाबा, काय केलंस? मारामारी तुला जमणार नाही. बाई-बिई तर नाहीच. मास्तर माणूस करून करून काय करणार? पेपर फोडलास का?”

तरुणाच्या हातातल्या जेवायच्या काड्या गळून पडल्या. तांगचा घास तोंडाशीच थांबला. आजूबाजूच्या चार पंगतींनी ते पाहिलं आणि सगळ्यांना जे समजायचं ते समजलं. इनह्वाननं रश्श्याचा एक घोट घेतला. तो तिखट असणार, कारण मामांच्या कपाळावर घाम होता.

मिराननं त्याला मागच्या छोट्या खोलीत नेलं. तांगही आला आणि भिंतीला टेकून दुसरीकडे बघत उभा राहिला.

“तुझा पासपोर्ट आईच्या कपाटात आहे,” मिरान म्हणाली. “तिची औषधं शोधताना हाताला लागला. एक शिक्का नाही त्याच्यावर.”

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“कुठं आहेस तू, दादा?”

“सांगता येत नाही.”

तांग खाकरला. मिराननं त्याच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. तिचा आवाज एकदम खाली आला.

“मारतात का?”

“नाही, नाही. मारत नाहीत.”

“जेवायला देतात?”

“देतात.”

“थंडी असेल तिथं.”

“आहे थोडी.”

“कधी सोडतील?”

इनह्वाननं तांगकडे पाहिलं. बिचाऱ्या तांगची पंचाईत झाली. “लवकरच, बाई,” तो म्हणाला. “फार दिवस नाहीत आता.”

मिराननं मान हलवली. मग ती लगबगीनं बाहेर गेली आणि तांदळाच्या वड्या एका डब्यात भरून घेऊन आली, तीळ लावलेल्या, पाहुण्यांसाठी केलेल्या. तिनं डबा भावाच्या हातात दिला, तर तरुणानं तो मधल्यामध्ये घेतला. “माफ करा, बाई. नियम आहे.” तो जमिनीवर बसला आणि काडीनं एकेक वडी फोडून आत काही लपवलंय का ते पाहू लागला. अगदी नीट, एकही न सोडता. मिरान पाहत राहिली. फोडलेल्या वड्या त्यानं पुन्हा जमतील तशा डब्यात रचल्या, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी डबा परत दिला. त्याचे कान लाल झाले होते.

“जा तू,” मिरान म्हणाली. “उद्या आईला डोंगरावर मातीला मी नेते. मामा आहेत.”

“फोटो कोण धरेल पुढं?”

“धरेन की मीच. तू स्वतःला सांभाळ.”

गाडीत बसल्यावर तांगनं इनह्वानला सिगारेट दिली. तो ओढत नव्हता, तरी त्यानं ती घेतली आणि हॉटेल येईपर्यंत बोटांत नुसती धरून ठेवली.

पुढचे दिवस त्यानं काम केलं. चांगलं केलं. लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलत, त्याच्या ताटात काहीबाही वाढत, आणि तो सगळं खाई. चौथा पर्याय बसला एकदाचा. इतका चपखल बसला की मेंगनी टेबलावर थाप मारली. छपाईच्या आधी बाजारातली सगळी गाईडं पुन्हा चाळायची पद्धत असते, आपल्या प्रश्नांसारखं काही आधीच छापलेलं नको म्हणून. त्यात कुठल्याशा किरकोळ गाईडात इनह्वानच्या उताऱ्याशी मिळताजुळता उतारा निघाला. प्रश्न वेगळा होता, पण उतारा तोच म्हणावा इतका जवळचा.

“काढावा लागेल, प्यो सर,” मेंग म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “दुसरा प्रश्न तयार आहे, तो घालू. तुमचा शब्द मात्र गेला.”

“बरं,” इनह्वान म्हणाला.

ज्याच्यासाठी तो आला होता तेच गेलं होतं. काहीतरी वाटायला हवं होतं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, काही वाटलं नाही, मग तो नवीन प्रश्नातले स्वल्पविराम तपासायला बसला.

परीक्षेच्या दिवशी शेवटचा पेपर सुरू झाला आणि हॉटेलची दारं उघडली. प्राध्यापक मंडळी उड्या मारत बाहेर पडली, कुणी आभाळाकडे तोंड करून ओरडलं, कुणी सगळ्यांना खाली गावात प्यायला चला म्हणून ओढू लागलं. इनह्वान गुन्सानच्या बसमध्ये बसला. पण उतरल्यावर त्याला घरी जाववेना. बसतळाजवळच्या एका स्वस्त लॉजमध्ये तो राहिला. एक दिवस, मग आणखी काही दिवस. खोलीत टीव्ही होता. टीव्हीवर परीक्षेचा पेपर सोडवून दाखवत होते. तो ते पाहत असे, कारण टीव्ही चालू होता.

मग एके सकाळी तो उठून डोंगरावर गेला. आईची माती अजून ओली होती, उंचवट्यावर गवतही धरलं नव्हतं. बापाच्या नावाचा दगड शेजारीच होता, खाली काही नसलेला. इनह्वाननं सोजू ओतली, दोनदा माथा टेकला. सहीचा कागद आता आडवा येत नव्हता. इथं बोललेलं कोण ऐकणार होतं? म्हणून त्यानं आईला खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. “आई, मी इथंच होतो. देशातच. गाडीनं चार तासांवर.” पुढचं वाक्य जुळेना. त्याच्या ध्यानात आलं की आपण तिला प्रश्नपत्रिकेतला उतारा सांगितल्यासारखं सांगतोय. तो उठला आणि खाली उतरला.

मिरानचं दुकान दुपारी सुनं असतं. तिनं त्याला लांबूनच पाहिलं. हातातली पळी ठेवली, पदार्थांच्या टोपल्यांवर जाळी टाकली.

“आत येऊ नकोस,” ती म्हणाली. “तिथंच थांब. उंबऱ्याबाहेर.”

तो थांबला. वाटलं, हाकलतेय. तिचा हक्कच होता. मिरान मागं गेली आणि एका वाडग्यात टोफूचा मोठा चौकोन घेऊन आली. शिजवलेला नाही, मीठ नाही, सोयाचं पाणीसुद्धा नाही. नुसता पांढरा, गार.

तुरुंगातून सुटलेला माणूस घरात पाऊल टाकण्याआधी या देशात असा टोफू खातो. पुन्हा त्या दारात जायची वेळ येऊ नये म्हणून. फाटकाबाहेर त्याची माणसं टोफू घेऊन उभी असतात. मिरानला दिवस माहीत नव्हता, फाटक माहीत नव्हतं. नंतर शेजारच्या दुकानातल्या काकू सांगत, ही महिनाभर रोज सकाळी एक ताजा टोफू बाजूला काढून ठेवायची आणि संध्याकाळी तो रश्श्यात घालून घरच्यांना वाढायची.

“खा,” ती म्हणाली.

“मिरान, मी…”

“काय केलंस ते मला सांगू नकोस. मी विचारणार नाही. मामांना पण सांगून ठेवलंय, कुणी विचारायचं नाही.” तिनं वाडगं त्याच्या हातात कोंबलं. “आईला काही कळलेलं नाही. शेवटी ती सारखी विचारायची. मी सांगितलं, दादा निघालाय. मग विचारायची, कुठवर आला? मी सांगितलं, विमानात बसला. ती म्हणाली, जागं करू नका त्याला, प्रवासानं दमला असेल. एवढंच. तिला समाधान होतं, दादा.”

इनह्वान वाडगं धरून उभा होता. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी तुरुंगात नव्हतो, पेपर काढायला गेलो होतो, एवढं म्हणायचं. बहिणीची मान ताठ झाली असती. बाजारात त्याचं नाव निघालं असतं. सही गेली खड्ड्यात, बहीण कुणाला सांगणार होती?

पण ते वाक्य तोंडाशी आलं आणि पहिल्यांदाच त्याला त्याचा अर्थ लागला. तुरुंगातल्या माणसाला येता येत नाही. त्याला कुणी कोंडलेलं असतं. यानं स्वतः फोनवर ‘येतो’ म्हटलं होतं. आईला धाप लागत होती, मिरान मीठ चोळता चोळता नको जाऊस म्हणाली होती, आणि हा आपल्या पायांनी गेला होता, एका शब्दासाठी. मिरान चोराला माफ करत होती. खरं कळलं तर माफ करण्यासारखं काय उरलं असतं?

त्यानं टोफूचा घास घेतला. गार होता. त्याला कच्च्या सोयाबीनची चव होती, ती जिभेला कळली. दुसरा घास त्यानं तोंडात घातला. तो तिथंच उंबऱ्याबाहेर खाली बसला आणि मोठ्यानं रडू लागला. ‘आई गं, आई गं’ करत, तोंडात टोफू तसाच, भर बाजारात, ज्या रडण्याची त्या दिवशी सगळा हॉल वाट पाहत होता तसं. लोक दुकानांतून डोकावले. मिराननं हातानंच त्यांना आत जायला सांगितलं.

ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“असू दे,” ती म्हणाली. “होते चूक माणसाच्या हातून. पुन्हा असं करायचं नाही, बस.”

“नाही करणार,” इनह्वान म्हणाला.

“कबूल कर.”

“कबूल.”

“मग संपव तेवढं,” मिरान म्हणाली, आणि तो संपवेपर्यंत ती वाडग्याखाली हात धरून बसून राहिली.